मऊ माती

दफनभूमीच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मला दिसलं, की खणणारे माझ्या जागेत उभे आहेत. गुडघ्याएवढे खाली गेले होते. रिबकाबाई आदल्या संध्याकाळी गेली, आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲपवर निरोप आला. तिच्या मातीला यायचंच आहे, तर जरा लवकर निघून ह्यांच्या कबरीपाशी लावलेल्या तगरीला पाणी घालून घेऊ, एवढाच माझा विचार होता. हातात पाण्यानं भरलेला तेलाचा जुना कॅन होता आणि त्याच्या मुठीनं बोटांवर नेहमीचा वळ उठला होता. मी तशीच उभी राहिले. कॅन खाली ठेवायचंही सुचलं नाही. मे महिन्यातली परभणी, सकाळीच तोंडावर चुलीसारखी धग येते. आणि त्या धगीत ओल्या काळ्या मातीचा वास होता. सगळ्या दफनभूमीत कुठेच नसलेला तो वास फक्त त्या खड्ड्यातून येत होता. ती ओल मी घातलेली होती.

आमच्यात खड्डा खणायला माणूस लावत नाहीत. मंडळीतलेच पुरुष खणतात, गेलेल्या माणसाची ती शेवटची सेवा समजतात. शांतवन घरं रंगवायची कामं घेतो, पण कोणी गेलं की पहार घेऊन पहिला तोच हजर. त्याच्याबरोबर आणखी दोघे होते. तिघांचे सदरे पाठीला चिकटले होते.

“या पाळकीणबाई,” शांतवन खड्ड्यातूनच म्हणाला, “लवकर आलाव? पानी हाय का त्यात? द्या हिकडं, नरडं वाळून गेलंय.”

“झाडाचं पाणी आहे रे ते.”

“झाडाचं बी चालतंय आमाला. आमी काय झाडापक्षा मोठं लागून गेलाव का?”

दुसरे दोघे हसले. मी कॅन पुढे केला. तो तोंड वर करून प्यायला, दोघांना दिलं आणि उरलेलं त्यानं डोक्यावर ओतून घेतलं. मग पहारीवर हात टेकून म्हणाला, “लय कडक हाय बगा सगळीकडं. त्या भिंतीपाशी हाणली, मधी हाणली. पहार नुस्ती वाजायलीय, खाली जाईना. मंग हितं बगितली, तर लोण्यावानी गेली. म्हनलं देवाचीच किरपा. न्हाईतर दुपार झाली असती आमाला, अन् बाई तिकडं बर्फावर. तुमचं झाड मातर जपून काढलंय बरं का, मुळासकट.”

तगर बाजूला आडवी पडली होती. मुळांभोवती मातीचा गोळा होता आणि दोन फुलं अजून पांढरीशुभ्र होती, त्यांना कळायचं होतं. दर रविवारी उपासना संपली की मी पाणी घेऊन येत असे. तगर ह्यांच्या कबरीच्या डाव्या अंगाला, माझ्यासाठी राहिलेल्या जागेच्या मधोमध लावली होती. मी गेले की काढतील, तोवर जागा धरून ठेवील, असं मनात होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. झाड पाहून लोक समजतील असं वाटलं होतं. आणि झालं असं, की उन्हाळ्यात जिच्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि वरून जिचा दगड होतो, त्या काळ्या मातीत मी एक मऊ तुकडा तयार करून ठेवला होता. कोणाच्याही पहारीला सापडेल असा.

जागा धरून ठेवायची रीत आमच्या दफनभूमीत होतीच. नवरा गेला की लोक दोघांच्या मापाची सिमेंटची चौकट बांधत, एक अर्धा भरलेला आणि एक अर्धा मोकळा. मोकळ्या अर्ध्यात पावसाळ्यात गवत माजायचं आणि नाताळच्या आधी बायका स्वतःच ते उपटायच्या, आपल्याच जागेतलं गवत, गप्पा मारत. हे मंडळीचे पाळक होते तेव्हा पंचांनी ह्यांना विचारलं होतं. कसबे पाळकसाहेबांनी एवढी वर्षं मंडळीची सेवा केली, मंडळीच्या खर्चानं चौकट बांधू. ह्यांनी त्याचं उत्तर खाली घरात दिलं नाही, वेदीवरून दिलं. म्हणाले, मी जन्मात राहायला जागा मागितली नाही, झोपायला कशाला मागू? देव बघून घेईल. मंडळी गहिवरली. पुढच्या बाकावर बसून मी पदर सारखा केला. माझ्या शेजारी रिबकाबाई होती. ती माझ्या कानाशी लागून पुटपुटली, “पाळकीणबाई, तुमचा देव जागा धरून ठिवतोय व्हय, यष्टीत रुमाल टाकल्यावानी?” मला हसू आलं, आणि पाळकाच्या बायकोला वेदीसमोर हसता येत नाही म्हणून मी खोकले.

रिबकाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि तिचं सगळं धरून ठेवलेलं असायचं. गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला, दिव्याला जास्तीची वात, पेटीत स्वतःच्या मरणाची पांढरी साडी डांबरगोळ्या घालून. तिची सिमेंटची चौकट सगळ्यात आधी बांधून झाली होती. आम्ही हसायचो तिला. मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिची मुलगी गेली, सासरची माणसं घ्यायला आली नाहीत, आणि नवऱ्याशेजारची आपली मोकळी जागा रिबकाबाईनं मुलीला देऊन टाकली. दोन वाक्यं बोलली असेल. “माझं बगू पुढं. लेकराला निजवा.” तेव्हापासून मी तिला हसले नाही. जिनं काही धरून ठेवलं होतं, तिला ते देता तरी आलं. आम्ही काहीच धरलं नाही, त्यामुळे आमच्या हातून काही सुटलंही नाही, आणि लोक त्यालाच आमची श्रद्धा म्हणत आले.

खड्ड्याच्या कडेला उभी राहून मला पाथरीचं घर आठवत होतं. लग्नानंतरची पहिली वर्षं. हे तेव्हा सुवार्तिक होते, येशूची शिकवण सांगत सायकलवर खेडी फिरायचे. आम्ही सांबप्पांच्या दुकानामागच्या एका खोलीत राहत होतो. सांबप्पा कपाळाला भस्म आणि गळ्यात लिंग घालणारे, पहाटे शिवाची पूजा केल्याशिवाय चहा न घेणारे. पण ख्रिस्ती भाडेकरू म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मिशनचं वेतन कधी यायचं, कधी नाही. पिठाचा डबा तळाला लागला की मी डब्याच्या तळाशी पेला खरवडायची, मुद्दाम, आवाज ऐकू जावा म्हणून. हे पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे, देव बघून घेईल. आणि देव बघून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सांबप्पांच्या बायको, गौराबाई, पदराखाली सूप झाकून दारात उभ्या असायच्या. ज्वारीचं पीठ, कधी तूर, कधी नुसत्या शेंगा. ह्यांचे डोळे भरून यायचे. पुढे कितीतरी गावांत, कितीतरी मंडळ्यांसमोर त्यांनी त्या सुपाची साक्ष दिली. आम्ही कोणाला शब्दानं बोललो नव्हतो, तरी देवानं दुसऱ्या धर्माच्या बाईच्या मनात घातलं. मी पुढच्या बाकावर असायची. आदल्या दुपारी, हे निजलेले असताना, मी मागच्या दारानं जाऊन गौराबाईंच्या उंबऱ्याशी बसून आले होते, हे फक्त गौराबाईंना आणि मला माहीत होतं. “घरात पीठ न्हाई म्हनून सांगायला येवढं लाजायलीस का गं?” असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. पुढे मला सांगावंही लागलं नाही, मी नुसती उंबऱ्याशी बसले की त्यांना कळायचं. मला त्यात खोटं वाटलं नाही तेव्हा, आजही वाटत नाही. ते वरच्या देवाकडे बघत राहिले, आणि त्यांना तसं बघता यावं म्हणून मी मागच्या दारानं जात राहिले. आमचा संसार असा दोन दारांचा होता.

मूल झालं नाही तेव्हा मात्र मागचं दार नव्हतं. तेव्हा मीसुद्धा त्यांच्याबरोबर वरच पाहिलं, वर्षानुवर्षं, आणि वरून काही आलं नाही. हे म्हणाले, त्याची इच्छा. त्या सुमारास एकदा मंडळीची सहल येलदरीला गेली होती. धरणाच्या भिंतीवरून आम्ही पाण्याकडे पाहत होतो. लांबपर्यंत पाणी, त्यात एका कोळ्याची एवढीशी होडी. मी म्हटलं, “बघा, पाणीसुद्धा साठवावं लागतं. नुसता पाऊस पडून भागलं असतं तर कशाला भिंत बांधली असती?” हे हसले. म्हणाले, “पाऊस कोणी पाडला?” त्यांच्याशी वाद घालून काही मिळत नसे, ते इतके प्रेमानं बोलत. पण ती भिंत माझ्या पायाखाली होती, उन्हानं तापलेली, चपलेतून चटका लागत होता, आणि ती पावसानं बांधलेली नव्हती.

“बाई.”

मागे नवे पाळक उभे होते. वयानं लहान आहेत, नगरकडचे. बोलतात शुद्ध आणि हळू. मोटरसायकल फाटकाशी लावून ते आले होते. खड्ड्याकडे, कलंडलेल्या तगरीकडे आणि मग माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं. त्यांना कळलं. ज्याला कळू नये असं वाटतं, त्याला नेमकं कळतं.

“ही जागा तुम्ही धरलेली होती का?”

शांतवनची पहार थांबली.

“मला कोणी काही बोललं नाही,” पाळक म्हणाले. “तुम्ही सांगा. हे बुजवून टाकतील. पण बाई, भिंतीपाशी आणि मध्ये यांनी पाहिलं तिथं जुन्या, खुणा बुजलेल्या कबरी आहेत; आत आता एवढीच जागा शिल्लक आहे. नाल्याकडं पंच खणू देत नाहीत, मागच्या पावसाळ्यात तिथली कबर खचली. इथं नाही तर मग पेडगाव रस्त्याला मंडळीनं घेतलेली नवी जमीन. तिथं अजून कोणी नाही. कुंपणसुद्धा नाही. रिबकाबाईंची मुलगी इथं आहे म्हणून त्यांचा मुलगा इथंच म्हणतो. तरी तुम्ही म्हणाल तसं करू. मी समजावतो त्याला.”

“आमाला म्हाईत न्हवतं हो बाई,” शांतवन म्हणाला. “तुमी बोला की. दुसरं खनू. हाताला काय फोड येतीन तेवढे येतीन.”

सगळे थांबले होते. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. हो, ही माझी जागा. का तुमची, असं त्यांनी विचारलं नसतं; पण मला सांगावं लागलं असतं असं वाटलं, आणि सांगायचं तर शेवटचे दिवस सांगावे लागले असते. दवाखान्यातल्या खाटेवर हे पडले होते आणि मंडळी येऊन गाणी म्हणून जायची, आणि तोंडावर हसू ठेवून हे ऐकायचे. मंडळी गेली की माझं मनगट धरायचे. इतकं घट्ट, की बांगडी रुतायची. ते प्रार्थना करत नव्हते. छताकडे पाहत होते, आणि तिथे त्यांना काही दिसत नसावं. एका दुपारी, खोलीत कोणी नसताना, ते म्हणाले, “तिथं खाली लय अंधार असंल गं.” जन्मभर शुद्ध बोललेले, उपदेशाची भाषा घरातही न सोडलेले; तेव्हा त्यांच्या आईची भाषा तोंडात आली. मग म्हणाले, “जवळच ये हां तू. शेजारीच. लांब नको.” मी म्हटलं, “येते. शेजारीच येते.” तेव्हा मनगट सुटलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या अंत्यविधीला जिल्ह्याभरातून माणसं आली होती, आणि कसबे पाळक मरणाला कसे हसत सामोरे गेले ते जो तो सांगत होता.

तर एका बाजूला मी दिलेला शब्द होता, आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी जन्मभर दिलेली साक्ष. ज्यानं वेदीवरून जागा नाकारली, त्याच्या बायकोनं अर्ध्या खणलेल्या खड्ड्यातून मंडळीची माणसं उठवली, आणि एका मेलेल्या बाईला तिच्या लेकीपासून दूर, कुंपण नसलेल्या रानात पाठवलं, असं झालं असतं. आणि खाली, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर, ते होते. त्यांना शांतवनची पहार ऐकू आली असेल का? कोण आलं शेजारी, असं त्यांना वाटलं असेल का? मी आले असं वाटलं असेल का?

“असू द्या,” मी म्हटलं. “देव बघून घेईल.”

आवाज माझाच होता. पण शब्द तोंडातून असे बाहेर पडले, जसे उपासनेत पाळकाच्या ओळीनंतर मंडळीचे ठरलेले शब्द पडतात, कोणी विचार न करता. पाळकांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे ओले झाले होते. “बाई, तुमच्याकडून आम्ही शिकावं,” ते म्हणाले. शांतवन पुन्हा खणू लागला. मऊ मातीत पहारीचा आवाजही होत नव्हता.

रिबकाबाईची शवपेटी आली, गाणी झाली. तिच्या मुलानं माझे हात धरले. पाळकांनी त्याला सांगितलं होतं. “मावशी, आईला तुमच्या पाळकसाहेबांचा लय आदर होता,” तो म्हणाला. मला आठवत होता तो एसटीतला रुमाल. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली. माती ओलसर होती, हाताला चिकटली. कोरडी माती हातातून आपोआप सुटते. ही मला बोटं झाडून काढावी लागली. रिबकाबाईचा राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. हेवा वाटला, या वयात. जन्मभर तरतूद करणारी बाई मेल्यावरही चांगली जागा घेऊन गेली, आणि तीसुद्धा मी तयार करून ठेवलेली.

घरी आल्यावर मी प्रार्थनेला बसले. रोज बसते त्याच खुर्चीत, खिडकीशी. डोळे मिटले आणि कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग ध्यानात आलं, की डोळे मिटले की मला नेहमी जे दिसत असे, ते ह्यांचं तोंड होतं. आम्ही जेवायला बसलो की ते डोळे मिटायचे, मी अर्धे उघडे ठेवून त्यांच्याकडे पाहायची. त्यांच्या तोंडावर जो निवांतपणा उतरायचा, तो पाहून मला वाटायचं, की आहे, नक्की आहे कोणीतरी. माझा भरवसा एवढाच होता. त्यांचा देवावर, माझा त्यांच्यावर. आणि ते तर शेवटी मनगट धरून छताकडे पाहत होते. म्हणजे वरपासून खालपर्यंत धरून ठेवणारं कोण होतं? एकमेकांना धरलेली दोन माणसं. त्यातलं एक गेलं. दुसरं खिडकीशी बसलंय, आणि त्याला बाहेरच्या रस्त्यावरचा कुल्फीवाला ऐकू येतोय. रानातल्या फुलांना देव नेसवतो, पाखरांना खाऊ घालतो, हे मी बालवाडीतल्या मुलांना हातवारे करून शिकवलं आहे. मुलं पाखरांसारखे हात हलवायची. ती मुलं आता म्हातारी होत आली. मी पुन्हा डोळे मिटले आणि म्हणून पाहिलं, देव बघून घेईल. खोलीत ते वाक्य कोणी उचललं नाही. मागच्या दारानं जाणारं कोणी उरलं नव्हतं. जाणारी मीच होते, आणि माझ्यासाठी जाईल अशी दुसरी मी नव्हते.

रविवार आला. उपासनेत पाळकांनी नाव न घेता माझी गोष्ट सांगितली. एका विधवेची, जिनं या जगातली शेवटची जागाही सोडून दिली. बायका वळून पाहत होत्या. मी पदर सारखा केला. बाहेर आले तर भुजंगची रिक्षा उभी होती. भुजंग पन्नाशीचा आहे, मुलं लग्नाची झालीत त्याची; दर रविवारी तोच मला दफनभूमीकडे नेतो आणि फाटकाशी बिडी ओढत थांबतो. मी नळावर कॅन भरून घेतला होता. सवयीनं. तगर शांतवननं कडेला लावली होती, पण त्या उन्हात ती दुसऱ्याच दिवशी मान टाकून बसली, हे मला कळलं होतं.

“नेहमीच्या ठिकानी ना मावशी?”

“नाही. पेडगाव रस्त्याला चल.”

“तिकडं काय हाय?”

“चल तर.”

जमीन रस्त्यापासून आत होती. एक बोर्ड उभा केला होता, अजून काही लिहिलेलं नव्हतं त्याच्यावर. पलीकडे नांगरून पडलेलं रान, एक बाभूळ, तिच्याखाली कोणाच्या तरी शेळ्या. चारी बाजूंना उजाड आणि वर पांढरं झालेलं आभाळ. शहराच्या बाजूला पाहिलं, तर दफनभूमी कुठल्या दिशेला असेल तेही कळेना. मी बाभळीकडे गेले. सावली शेळ्यांना लागते, म्हणून जरा अलीकडे आले. तिथे जमीन भेगाळली होती, जुन्या भांड्याला तडे जावेत तशी. कॅन टेकवला, झाकण काढलं आणि ओतायला लागले. पाणी वर थांबलंच नाही. भेगेच्या काठावरून सरळ आत गेलं. मी कान दिला, पण ते कुठे जाऊन टेकलं ते ऐकू आलं नाही. अर्धा कॅन तसाच गेला. मग मी भेग सोडून सपाट जागी ओतलं, थोडं थोडं, हातानं पसरत. काळा डाग उमटला, एका माणसाच्या पाठीएवढा. कडेनं तो लगेच वाळायला लागला. मी प्रार्थना केली नाही.

भुजंग बिडी विझवून आला. “मावशी, हितं काय लावलाव तुमी? काईच तर दिसंना.”

“काही नाही लावलं.”

“मंग पानी कशाला घालायलाव?”

“माती मऊ होते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. डाग तोवर निम्म्याहून कमी झाला होता. “येवढ्यानं कुटं व्हतीय मावशी,” तो म्हणाला. “ह्या उनात? रोज घातलं तर कुटं जरा.”

“रोज रिक्षा परवडणार नाही मला. दर रविवारी येऊ.”

त्यानं माझ्या हातातला रिकामा कॅन घेतला आणि रिक्षाकडे चालायला लागला. मी मागे वळून पाहिलं, तेव्हा जागा कोणती ते मला ओळखता आलं नाही.